दुपारी सगळं हिरवंगार

माझं कुणी ऐकलंच नाही. "वहिनी, तुमचं शिक्षण चौथी, यात पडू नका," हे मात्र सगळ्यांनी ऐकवलं. मसाल्यांचा धंदा मी उभा केला, कांडप धायरीला, दुकानं पुण्यात शनिवार आणि बुधवार पेठेत. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की मी अडाणी! या एका विषयावर आमच्याकडे इतके किस्से साठलेत की भरायला बरण्या पुरायच्या नाहीत.

*

धायरीला कांडपाला लागूनच ऑफिस, तिथं आमचा राखणदार कॉम्प्युटर. पुतण्या रोहितनं बसवलेला. दुकानांची बिलं चालू असली की हिरवा, अडली की लाल. बिलांची लाइनही ऑफिसातूनच जायची, दोन्हींना बोर्डातली पिन एकच.

खंडेनवमीला आम्ही त्याला बंद करून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. लाइनही बंद! दोन्ही दुकानांत बिलं अडली. दुसऱ्या दिवशी राखणदार म्हणतो, तक्रार काही नाही!

"अरे, तो स्वतःच बंद होता. त्याला काय कळणार?"

"काकू, सणावाराचं धरायचं नसतं," रोहित म्हणाला.

*

बुधवारातल्या काउंटरवर उज्ज्वला. रोज दुपारी तिचा फोन, "ताई, बिल अडकलं!" गिऱ्हाईक पेठेतलं. एक आजोबा म्हणाले, "राहू द्या बाई. गोडा मसाला नातवाच्या लग्नात नेऊ!"

ऑफिस बघतात माझे धाकटे दीर, अनंतभावजी. चहाच्या वेळी मी गेले की स्क्रीन माझ्याकडे वळवायचे. हिरवंगार! "वहिनी, यंत्र खोटं बोलत नाही. ती बाई दुपारी झोपते. काढून टाका."

उज्ज्वला रडली नाही. म्हणाली, "ताई, मी झोपले होते तर फोन कुणी केला?"

मी तिच्या बाजूनं. पण भावजी हटून बसले, या महिन्यानंतर ती काउंटरवर नको!

*

मग आला क्लाउडवाला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात इंग्रजी.

"मॅडम, मॉनिटरिंग क्लाउडवर न्या."

"म्हणजे कुठं?"

"आमच्या कॉम्प्युटरवर. लांब असतो तो."

"मग तसं सांगा की! आमचं ऑफिस बंद पडलं तर त्याला कळेल?"

"लगेच. सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज."

"आणि तुमचाच बंद पडला तर?"

"दुसरा असतो."

"कुठं?"

"त्याहून लांब."

तेव्हा कुठं मी त्याला चहा विचारला.

*

घरच्या बैठकीत भावजी कडाडले, "आपल्या धंद्यावर परक्याची नजर? राखणदार घरातलाच हवा!"

"घरात अंधार झाला की घरातला राखणदारही आंधळा होतो. मालकीण मी आहे. रोहित, ट्रायल लाव!"

*

ट्रायलची पहिलीच दुपार. कांडपात डबा खाऊन हात धुतेय तोवर मोबाइल टिंग! 'धायरी ऑफिस बंद.' मागोमाग उज्ज्वला, "ताई, बिल अडकलं!"

"फोन ठेवू नकोस," म्हटलं आणि ओल्या हातानंच ऑफिसचं दार ढकललं.

लाइट होती. बोर्डातली पिन उपसून जमिनीवर टाकलेली. तिच्या जागी टेबलफॅनची पिन. पंखा गरगर फिरतोय, चटईवर वामकुक्षी चाललीय, घोरण्याबरोबर पोट वरखाली, पोटावर मोबाइल, आणि मोबाइलवर तोच मेसेज!

"ताई, कुणी बंद केलं हो?" उज्ज्वला कानात ओरडत होती.

"तुझा फोन स्पीकरवर टाक," म्हटलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असा आवाज लावला.

"अनंतभावजी!"