पंप निवडायला लागले आठ दिवस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागलो की तुम्हाला माझी कीव यायला लागेल. गोष्ट माझ्या जीपच्या पंपाची. म्हणजे रस्त्यावरचा पेट्रोल पंप नाही हो! टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा, मुठीएवढा पंप. त्या मुठीएवढ्या वस्तूपायी मी अख्ख्या गावात स्वतःची शोभा करून घेतली.

मी निवृत्त पोस्टमास्तर. शेलूबाजारपासून आत आमचं गाव. बायको, सुमन, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी प्रज्ञा नागपूरला नोकरीत. रोज संध्याकाळी तिचा फोन. "जेवले का बाबा?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." झालं! पुढच्या फोनपर्यंत मी बोलायचो ते फक्त रेडिओवरच्या बातम्यांशी. त्या काही उलटून उत्तर देत नाहीत.

जीप सुमनच्या हौसेची. पावसाळ्यात काळ्या मातीत बाकीच्या गाड्या रुततात, ही चारही चाकांवर थेट शेतात जायची. इंजिन पेट्रोलचं, इंजेक्शनवालं. तर एका सकाळी ही बाई फाटकासमोर रस्त्यावर बंद पडली. मी बोनेट उघडलं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत नसेल. लग्नाची पत्रिका देऊनही न येणारा माणूस उघडं बोनेट दिसलं की थांबतो. थांबतो, वाकतो, आणि त्याला काही कळो न कळो, सल्ला देतो. दहा मिनिटांत माझ्याभोवती सहा माणसं! समोरचे उत्तमराव ट्रॅक्टरवाले सगळ्यात पुढे. शेजारच्या कांताबाई चहाची किटली घेऊन आल्या. दोन वर्षांत माझ्या दारी एवढी माणसं पहिल्यांदा जमली होती.

शकील मिस्त्री आला. गाडीखाली शिरला, बाहेर आला. "टाकीतला पंप गेला, मास्तर. पुरी टाकी उतरवाची म्हंजे मोठं काम. त्यापरीस पंप बाहेरून बसवू."

"म्हंजे विहिरीतली पाणबुडी जळाली, आता मोटर काठावर ठेवाची!" उत्तमराव म्हणाले.

"काठावर नाही ना काका! हा पंप ढकलते, वढत नाही. टाकीच्या खाली बसवा लागते."

"माह्या जुन्या गाडीचा पंप पडून हाये घरी. तो लाव."

"तो कार्बोरेटरवाला. त्याची नुसती धार पडते. इंजेक्शनले पिचकारी पायजे, पिचकारी! अन् पंप कोरडा चालवाचा नाही, पेट्रोलनंच थंडा राह्यते तो."

"मंग सुरू करतानी वरतून पाणी भराचं, मोटरीत भरतो तसं," कांताबाईंनी सुचवलं. शकीलनं डोक्याला हात लावला.

पंप कोणता घ्यावा यावर तीन दिवस चर्चा चालली. लोकांचे दोन तट पडले. मी दोन्ही तटांत होतो, कारण कोणी उठून जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. चौथ्या दिवशी शकीलनं वाशीमहून नेमका पंप आणला आणि टाकीजवळ, चेसीला खाली बसवला. चावी फिरवली. घुंऽऽ! जीप सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बोनेट बंद केलं आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा कप चहा ठेवला. कोणीच आलं नाही. कशाला येतील? गाडी तर नीट झाली होती! मी दीड कप प्यायलो आणि बाकीचा मोरीत ओतला. खोटं कशाला बोलू, ओतताना रडू आलं.

आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. पंपाचा फ्यूज कुठला, हे शकीलनं मला दाखवलं होतं. नखाएवढा, निळा. मी तो उपटला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि बोनेट उघडून उभा राहिलो.

"काहून मास्तर, पुन्हा बंद?" उत्तमराव रस्त्यापलीकडूनच ओरडले.

"चालूच होऊन नाही राह्यली बा!"

पुन्हा सगळे हजर, पुन्हा चहा! संध्याकाळी शकील यायच्या आधी मी गुपचूप फ्यूज लावायचो. तो चावी फिरवायचा, जीप सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. "गाडी मिस्त्रीले भेते," असं कांताबाईंचं मत पडलं.

मला वाटलं होतं, यात कोणाचं काय जातं? पण शकीलचा चेहरा उतरत चालला. शुक्रवारी तो म्हणाला, "माह्या हातून पंपच चुकीचा निवडला गेला, मास्तर. उद्या वाशीमले जातो, बदलून आनतो." मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण उत्तमराव तेवढ्यात म्हणाले, "मंग उद्या सकाळी जमूच," आणि मी तोंड मिटलं.

त्याच संध्याकाळी प्रज्ञाचा फोन. "बाबा, मी रविवारी येते. अकोल्याले गाडी बदलून जऊळक्याले उतरते. जीप चालू असंन तं घ्याले या. नसंन तं ते विकून टाकू, अन् तुमी माह्यासंग नागपूरले चला. एकट्यानं असं किती दिवस राह्यसान?"

नागपूरला, तिसऱ्या मजल्यावर! तिथे उघडायला बोनेटसुद्धा नाही. म्हणजे रविवारी जीप सुरू व्हायलाच हवी होती. त्यात काय अवघड? फ्यूज तर माझ्याच हातात!

रविवारी सकाळी खिशात हात घातला. फ्यूज नाही. दुसरा सदरा पाहिला, नाही. गादी उलटली, चपला झटकल्या, नाही! बाहेर सगळे जमलेले. शकील दुसरा पंप बसवून चावी फिरवत होता, घुंऽऽ काही येत नव्हतं, आणि बिचारा घामानं भिजला होता. "मास्तर, ताईची गाडी येऊन राह्यली असंन ना?" तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात माझ्या स्वयंपाकघरातून कांताबाईंचा आवाज आला. "मास्तर, तुमच्या चायपत्तीत हे काय निघालं बाई?"

त्या गाळणी घेऊनच बाहेर आल्या. गाळणीत उकळलेल्या चहापत्तीवर माझा निळा फ्यूज! तेव्हा आठवलं. काल सकाळी फ्यूज हातात असताना उत्तमराव अचानक घरात आले आणि मी तो समोरच्या उघड्या डब्यात टाकला होता.

शकीलनं फ्यूज उचलला. पुसला. माझ्याकडे पाहिलं. "हा तं पंपाचा हाये."

मग काय, सांगितलं सगळं. चहा मोरीत ओतल्याचंसुद्धा. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.

"मले रात रात झोप नाही, मास्तर," शकील म्हणाला. "आपलं हुनर गेलं वाटलं."

"चुकलं माझं."

उत्तमराव खाकरले. "चुकलं तं हायेच. पन दोन वर्सं झाले, तुमच्या फाटकाले आतून कडी. आमाले वाटलं, सुमनताई गेल्यावर तुमाले मानूसच नको. बोनेट कायले उघडता? फाटक उघडा ना!"

कडी मी बकऱ्यांसाठी लावत होतो हो! सुमनची फुलझाडं खातात म्हणून. बकऱ्या थांबल्या, आणि माणसंही.

शकीलनं फ्यूज बसवला. घुंऽऽ! "बसा सारे!" मी ओरडलो, आणि किटलीसकट सगळी मंडळी जीपमध्ये कोंबली. जऊळक्याचा रस्ता धरला. काय पळत होती जीप! आणि मग, रानात एका बाभळीजवळ, दोन आचके देऊन ती थांबली. आम्ही पटकन उतरलो, बोनेट उघडलं आणि सवयीनं वाकून उभे राहिलो.

"प्रेशर कमी पडून राह्यलं," उत्तमराव म्हणाले. "म्या पयलेच म्हनलं होतं, तो पयला पंप बरा होता."

अर्ध्या तासानं समोरून एक ऑटो आला. त्यातून प्रज्ञा उतरली. बाभळीखाली किटली, कांताबाई कप भरतायत, चार डोकी बोनेटमध्ये, आणि तिचा एकटा बाप मधोमध उभा राहून तावातावानं भांडतोय. ती बघतच राहिली. मग गाडीच्या मागे गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि मोबाईलचा उजेड आत पाडला.

"बाबा," ती म्हणाली, "पेट्रोल कोन टाकते?"

आठ दिवस आम्ही पंप निवडत होतो, सुरू झालं की तासतास इंजिन चालवून पाहत होतो. टाकीत कोणी डोकावलंच नव्हतं! शकील गाडीखाली शिरला आणि तोंड पाडून बाहेर आला. "कोरडा चालला. नवा पंप जळाला."

"मंग आता?" प्रज्ञानं विचारलं.

"आता दुसरा निवडा लागन," उत्तमराव म्हणाले. "उद्या सकाळी आठले बसू. मास्तर, फाटक उघडं ठेवसान."

प्रज्ञानं कांताबाईंच्या हातून कप घेतला आणि नागपूरचा विषय काही काढला नाही. फक्त दोन घोट घेतल्यावर थांबली, सगळे पिण्याआधी आपापल्या कपात निरखून बघतायत हे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे सगळे चायमंदी काय शोधून राह्यले?"