उजेडातली तिसरी पाळी

माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते, ती ज्यांच्यामुळे लागते त्यांना आमच्या कारखान्यात सगळे ‘तिसरी पाळीवाले अण्णा’ म्हणत. पिंपळे गुरवमधल्या त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले होते, कंपनीच्या खोक्यांचे. दिवसा झोपायचं तर अंधार हवा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते पुठ्ठे निघाले नाहीत. “शरीराला कोन सांगनार, रिटायर झालो म्हनून?” असं म्हणून अण्णा रात्रभर गच्चीवर खुर्ची टाकून बसत आणि दूधवाला आला की झोपायला जात.

हे नाव त्यांना माझ्यामुळे पडलं. करमाळ्याच्या शाळेतून, मग तिथल्याच आयटीआयमधून मी चाकणला आलो आणि अण्णांच्या लेथवर लागलो. मशीन एक, पाळ्या वेगळ्या. पुढे आकुर्डीच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना प्रवेश मिळाला, पण पाळी दर आठवड्याला बदलायची. शिक्षण सोडावं लागणार, असं मी एकदा कॅन्टीनमध्ये बोलून गेलो. अण्णांनी चिमटीतला तंबाखू तसाच धरून ठेवला. “येडा हायेस का? तू पहिली पाळी धर. तुझ्या बाकीच्या मी ओढतो. आमच्या घरात कोन बी इंजिनेर न्हाई. मशिनीवर तरी एक असूंदे.” पदवी हातात येईपर्यंत माझ्या वाट्याच्या रात्री त्यांनी जागून काढल्या. त्या दिवसापासून ते मला ‘इंजिनेर’ अशीच हाक मारत. पहिल्या वर्षी मी गणितात नापास झालो, तेव्हासुद्धा.

त्यांचा एकच हट्ट होता, पाळीची वही. पाळी संपताना मशीनची नोंद लिहायची, खाली देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही. एकदा माझ्या हातून टूल तुटलं आणि मी वहीत ‘सर्व ठीक’ लिहून निघालो. अण्णा मागून गेटपर्यंत आले. रागावले नाहीत. मला परत आणून वही पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “बिघाड आधी लिवायचा, मग बाकीचं. फुडच्याला अंधारात ठिवू नगं.” घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय देणाऱ्याने घरी जायचं नाही, हा कंपनीचा नियम नव्हता. अण्णांचा होता.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी नवं ग्राइंडिंग मशीन बसवायला स्वीडनचा एक इंजिनिअर आला होता. त्याने मोबाईलवर त्याच्या गावाचा फोटो दाखवला. रात्रीचे दहा वाजून गेलेले आणि पोरं उजेडात फुटबॉल खेळतायत. अण्णांनी तो फोटो तीनदा मागून पाहिला. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, “इंजिनेर, सगळा जल्म रातीत गेला. रात नसल्याला गाव एकदा बघायचा हाय.”

मग त्यांनी सहल आखायला घेतली. कोपनहेगन, तिथून रेल्वेने स्टॉकहोम, तिथून जहाजाने हेलसिंकी. नातीकडून मोबाईलवर वाचून घेत आणि जुन्या पाळीच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला उतरवून काढत. जून महिना, नऊ दिवस, रोज तीन पाळ्या. पहिल्या पाळीत संग्रहालयं. दुसरीत बंदर, बाजार, जुन्या गल्ल्या. कोणत्या ट्रामला कुठून चढायचं, मिडसमरच्या सणाला स्वीडनमध्ये काय काय बंद असतं, सगळं लिहिलेलं. स्टॉकहोमला एक जुनं लढाऊ जहाज पाण्यातून काढून ठेवलंय. त्यावर त्यांची टिप्पणी होती, “पयल्याच फेरीत बुडालं, तरी जपलंय. आपल्याकडं रिजेक्शनमधी गेलं आसतं.” तिसऱ्या पाळीच्या रकान्यात मात्र रोज एकच शब्द होता, ‘बाक’.

“अण्णा, तिसऱ्या पाळीत करायचं काय?”

“काय न्हाई. बसायचं. उजेडात.”

त्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढला. मोजमापाची गेज ठेवतात तसा तेलकागदात गुंडाळून तो माझ्या हाती दिला. “तूच भर फॉर्म. आन् याच वर्सी बघ राव, या गुडघ्यांची वॉरंटी संपत आलीय.” मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

तेव्हा मी निगडीला राहत होतो आणि दुसऱ्या कंपनीत डिझाइनच्या विभागात होतो. जेवताना एकदा मी या सहलीचं बोललो आणि आमच्या साहेबांनी ती उचलूनच धरली. ते, त्यांच्या पत्नी, आणखी एक सहकारी, मी आणि माझी बायको. साहेब मोठ्या कॉलेजातले. मी संध्याकाळच्या वर्गांतून शिकलो, लेथवर होतो, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. अण्णा बरोबर आले तर पहिल्याच विमानतळावर सगळं सांगतील, तेही कौतुकाने. त्यांची पिशवी, त्यांची बोली, ती ‘इंजिनेर’ हाक. मी पाच अर्ज भरले. सहावा भरला नाही.

पिंपळे गुरवला जाऊन म्हणालो, “अण्णा, तुमच्यासाठी व्हिसाची तारीखच मिळत नाही. खूप गर्दी आहे.”

त्यांनी तंबाखूची चिमूट परत डबीत टाकली. मग म्हणाले, “आसूंदे की. तू कशाला त्वांड पाडतोस? फुडल्या वर्सी जाऊ. पासपोर्ट तुझ्यापाशीच ऱ्हाऊंदे.” आत जाऊन त्यांनी ते सगळे तक्ते आणून दिले. “तू जा. एवढं कर, तिसरी पाळी माझ्या वतीनं कर. काय दिसतंय त्ये लिवून पाठीव.”

सहल उत्तम झाली. एक गाडी चुकली नाही, एका दारावर ‘बंद’ची पाटी लागली नाही. हेलसिंकीच्या बंदरावर साहेब म्हणाले, “काय प्लॅन केलायस राव! कुणी करून दिला?” मी म्हणालो, “थोडा अभ्यास केला.” खिशात अण्णांच्या अक्षरातला तक्ता होता. घडीवर तंबाखूचा डाग होता.

परत आल्यावर महिनाभर मला पिंपळे गुरवचा रस्ता धरवला नाही. मोटरसायकलने अर्ध्या तासाचं अंतर, आणि मी निगडीच्या पोस्टात जाऊन पत्र टाकलं. त्याला आज बारा दिवस झाले, उत्तर अजून आलेलं नाही. ते असं होतं:

ती. अण्णा, सा. न. वि. वि.

काय दिसलं ते लिहून पाठव, असं तुम्ही म्हणाला होतात. आधी बिघाड लिहितो.

व्हिसाच्या तारखा मिळत होत्या. तुमचा अर्ज मी भरलाच नाही. तुमचा पासपोर्ट तेलकागदातून बाहेरसुद्धा काढला नाही. तुम्ही चारचौघांत मला इंजिनेर म्हणाल आणि मी तो कसा झालो ते सांगाल, याची मला लाज वाटली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही. परवा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, लेथसकट. उशिरा सांगितलं.

तिसऱ्या पाळ्या आठ होत्या. सात मी हॉटेलचे जाड पडदे ओढून झोपून काढल्या. आठवीला बाकावर जाऊन बसलो, पण अर्ध्या तासाच्या वर बसवलं नाही. तिथे काय दिसतं ते लिहीत नाही. ते बघायचा हक्क तुमचा होता.

पुढच्या उन्हाळ्यासाठी आपल्या दोघांचा अर्ज लिहून ठेवला आहे. तुमच्या सहीशिवाय तो जाणार नाही. गुडघे नाही म्हणाले तर त्यांचं ऐकू. तुम्ही नाही म्हणालात तर तेही ऐकेन.

आणखी काही बिघाड लपवलेला नाही.

पाळी देणारा : दत्ता, पहिली पाळी

पाळी घेणारे :