नारिंगी काठांची फीत

नाना कुणालाही भेटले की आधी त्याच्या छातीकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. पुष्कळदा चेहऱ्यापर्यंत पोचायचेच नाहीत. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला ते इथे लंडनमध्ये इल्फर्ड स्टेशनबाहेर ओळखू शकले नव्हते, आणि तो बिचारा बॅग घेऊन समोर उभा होता. पण जर्मनीच्या कैसरच्या फौजेतला शंभर वर्षांपूर्वी मेलेला एखादा कॅप्टन त्याच्या कोटावरच्या बोटभर फितीवरून ते सहज ओळखत. कुठल्या राज्याचा, कुठल्या दर्जाचा, मान लढून मिळवलेला की नुसता वय झालं म्हणून मिळालेला, सगळं सांगत.

तोंडावर आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पाठीमागे बिल्लेवाले. ते एक्स-रेचे डॉक्टर. सगळी नोकरी करड्या छटा वाचण्यात गेली, आणि हा छंदही त्याच जातीचा. त्या काळच्या फोटोंत रंग उलटेसुलटे उतरतात. निळा पांढुरका दिसतो. तांबडा, पिवळा, नारिंगी काळे पडतात. हे पुस्तकात कुणालाही वाचता येतं. नानांना ते फोटोत दिसायचं. काळ्यातला कुठला काळा खरा आणि कुठला मुळात नारिंगी, हे ते भिंग डोळ्याला लावून क्षणात सांगत आणि वर म्हणत, “चेहरा खोटं बोलतो, फीत बोलत नाही.”

हे सांगताना समोरच्याचा पाणउतारा झाला नाही, तर त्यांना दिवस फुकट गेल्यासारखा वाटे. ब्रॅकनेलला आयटीत असलेला निखिल एकदा मोठ्या हौसेने आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन फौजेचं पदक, घेऊन आला. गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात, तशा बाजारात त्याला तो मिळाला होता. नानांनी खिशातून लोहचुंबक काढलं. क्रॉसचा गाभा लोखंडाचा हवा, हा चिकटेना. आमच्या मराठी मंडळाचे सगळे लोक जेवायला बसले होते. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “छान आहे रे. घरी फ्रिजला लाव. अर्थात, तिथेही चिकटणार नाही.” सगळे हसले. निखिलही हसला, पण त्याने वाढून घेतलेली पुरी तशीच राहिली. तेव्हापासून तो ‘फ्रिजवाला’ झाला.

माझं नाव ‘पांढरी फीत’. आयर्न क्रॉस लढणाऱ्याला मिळाला की फीत काळी आणि काठाशी पांढरे पट्टे. न लढता, कोठारात किंवा कचेरीत बसून मिळाला की उलट, पांढरी फीत आणि काठाशी काळे पट्टे. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून आयुष्य काढलं. “आम्ही हॉस्पिटलात आघाडीवर,” नाना म्हणायचे, “काउंटरच्या मागचे ते मागचेच.” माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी माझी ओळख त्यांनी याच नावाने करून दिली, आणि अर्थही समजावून सांगितला. तरी दर रविवारी पदकांच्या प्रदर्शनाला त्यांना गाडीने नेणारा मीच होतो. का, हे मला सांगता येत नाही. त्यांच्या तोंडून शाबासकी मिळाली तर ती खरी असेल, असं वाटायचं बहुतेक. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, “वसंतभाऊजी, ह्यांना माणसाचा फोटो द्यावा. माणूस देऊ नये.”

माझ्या शेजारी दोन घरं सोडून मार्गारेट नावाची म्हातारी एकटी राहायची. तिची आई जर्मन. शाळेत पोरं मार्गारेटला आईवरून छळायची, तेव्हा आई तिला भिंतीवरचा आजोबांचा फोटो दाखवायची: हे आघाडीवर लढले, स्वतःच्या जखमी शिपायाला पाठीवर घेऊन आले, आपण कुणाला घाबरायचं कारण नाही. तेवढ्या एका गोष्टीवर त्या बाईने जन्म काढला होता. आता ती केअर होममध्ये जायला निघाली होती. तिथल्या खोलीत फोटो लावायला एकच भिंत मिळणार होती. नेण्याआधी आजोबांची गोष्ट खरी की आईने रचलेली, हे तिला एकदा कळून घ्यायचं होतं. तिला नानांचं नाव मीच सुचवलं.

अर्ध्या बांधलेल्या खोक्यांमधून वाट काढत नाना आणि मी तिच्याकडे जाऊन बसलो. फोटोत टोपी घातलेला अधिकारी, कोटाच्या काजात फक्त एक फीत, खाली पदक नाही. नानांनी भिंग लावलं. मार्गारेट घाबरली होती. ती म्हणाली, “डॉक्टर, घाई करू नका हं. नीट बघा.”

नानांनी भिंग खाली ठेवलं. चहा संपवला. मग सांगितलं की पांढरी फीत आहे, काठाशी काळे पट्टे आहेत. तिचे आजोबा कोठारात किंवा कचेरीत असणार, बंदुकीचा आवाज ऐकू येईल इतके पुढे ते कधी गेले नसणार.

“पण आई म्हणायची…”

“आया म्हणतातच,” नाना म्हणाले.

ती उठली आणि आमच्यासाठी आणखी बिस्किटं घेऊन आली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “नाना, नक्की पांढरी फीत?”

“कसली पांढरी फीत? नारिंगी पट्टे आहेत ते. टोपीचं चामडं बघितलंस? ते खरं काळं. पट्टे त्याहून एक छटा फिके. लाल गरुडाचा मान आहे तो, जुन्या नोकरीचा. फोटो पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. पुढे तो आघाडीवर गेला की नाही, फोटोवरून कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.”

“म्हणजे तिच्या आईचं खरं असू शकेल?”

“असू शकेल की.”

“मग तिला तसं का सांगितलंत?”

“मला म्हणते नीट बघा,” नाना म्हणाले आणि हसले.

मीही हसलो. ते खोटं हसू नव्हतं. त्या दिवशी पांढरी फीत दुसऱ्या कुणाला तरी लागली होती. नानांना सोडून परत आलो तर मार्गारेट खिडकीत उभी होती. मी हात केला आणि घरात गेलो.

जायच्या दिवशी तिने फोटो मला आणून दिला. तुमच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल, म्हणाली; माझ्याकडे भिंत लहान आहे. मी “बरं” म्हणालो. त्याच हिवाळ्यात ती वारली. फोटो मी नानांना दिला नाही, कपाटात ठेवला.

पुढे वहिनी गेल्या आणि नानांचे डोळे गेले. साधे नाही गेले. कडेचं दिसायचं, बघतील तिथे नेमकं मधोमध भोक. मी फोटोंचं वर्णन करायचो, ते आडवे पडून ओळखायचे. “फीत कशी? टोपीच्या तुलनेत सांग, गाढवा.” एवढ्यावरही त्यांचं बरोबर येई. शरीरातलं बाकी सगळं हळूहळू बंद पडत होतं. हे एक चालू होतं आणि त्याच्यावर ते जगत होते.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ते एकदम म्हणाले, “वसंता, त्या म्हातारीचा फोटो. नारिंगीच होते ना पट्टे? मला रोज दिसतो तो. तिला सांगायला हवं होतं रे.”

मला ते वसंता म्हणाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फोटो मी महिन्याभरापूर्वीच निखिलला दाखवला होता. तो आता या विषयात चांगलाच तयार झाला आहे. त्याने पाहताक्षणी सांगितलं होतं, काका, लाल गरुड, शंकाच नाही.

मी म्हणालो, “नाना, फोटो माझ्याकडेच आहे. निखिलला दाखवला. पट्टे काळेच आहेत. टोपीच्या चामड्याइतकेच काळे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिला सांगितलंत ते बरोबर होतं. गाडीत मला सांगितलंत ती चूक.”

त्यांचा हात चादरीवर चाचपडत भिंग शोधू लागला. भिंग उशाशी होतं. मी दिलं नाही.

“निखिल म्हणाला? तो फ्रिजवाला?”

“तोच.”

मार्गारेटसाठी मी हे केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. त्या क्षणी ती माझ्या मनातही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा एक फोटो घेऊन गेलो आणि वर्णन करू लागलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. “तूच ओळख,” म्हणाले. “तुला दिसतं.” त्यानंतर त्यांनी काही ओळखलं नाही.

शोकसभेत निखिल बोलायला उठला. फ्रिजचा किस्सा त्याने स्वतःच सांगितला, लोक डोळे पुसत हसले. मग तो म्हणाला, “नानांची नजर आयुष्यात एकदाही चुकली नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

निखिल म्हणाला ते शब्दशः खरं आहे. पट्टे नारिंगी आहेत. फोटो माझ्या भिंतीवर आहे, कुणीही येऊन बघावं. नानांची नजर एकदाही चुकली नाही. मंडळात हे सगळ्यांना माहीत आहे. एकट्या नानांना ते शेवटी माहीत नव्हतं.