सावलीतला होस्टा

सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी कोकणातले एक कारकून राहायचे. "हो साहेब" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, अगदी माझ्याशी बोलतानाही. अंगणातल्या आंब्याखाली त्यांनी कुंडीत पांढऱ्या कडांच्या पानांचा होस्टा लावला होता. झाड थंड मुलखातलं, हिवाळ्यात कडक गारठा मिळाला तरच पुढं नीट फुटणारं, म्हणून हिवाळ्यात ते रोज त्याच्या मुळाशी बर्फ घालायचे. लोक हसायचे.

एकदा त्यांच्या साहेबांनी ती कुंडी आपल्या गच्चीसाठी मागितली. कारकून हळूच म्हणाले, "नाही साहेब. उन्हानं पानं करपतील."

महिन्याभरात त्यांची खानवेलला बदली झाली. निघताना बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. मला फार वाईट वाटलं.

"तिकडे जंगल आहे," तेच मला समजावू लागले, "याला सावली चांगली मिळेल."