ताईचा नवरदेव कालव्यापर्यंत

माझ्या ताईचं लग्न ठरलेल्या मुहूर्तावर लागलं नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. (पत्रिकेत बारा वाजून सतरा मिनिटं असं स्पष्ट छापलं होतं. पत्रिकेची काहीही चूक नाही.)

माझे बाबा फौजेत होते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. बाबांच्या हातात क्लॅरिनेट असायचं. सतरा वर्षं त्यांनी पलटणीच्या बँडमध्ये वाजवलं. त्यांच्याच बँडमधले दहा-अकरा जण रिटायर होऊन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आपापल्या गावी आले. कुणी द्राक्षं लावली, कुणी टोमॅटो, कुणी बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभं राहिलं. पण वर्षातून एकदा ही सगळी मंडळी ओझरजवळच्या आमच्या घरी जमतात, चहाची पातेली रिकामी करतात आणि दर वर्षी त्याच पाच गोष्टी सांगून पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसतात.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनी डीजेचा विषय काढला. बाबा ताठ बसले.

"माझ्या पोरीच्या लग्नात डीजे? अहो, माझा बँड अजून जिवंत हाय!"

"जिवंत आहे हो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण चालतो का?"

बाबांनी हे मनाला लावून घेतलं. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारापर्यंत आपलाच बँड आणणार, तेही मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी, असा शब्द त्यांनी व्याह्यांना दिला. आईनेही एक शब्द दिला. "मुहूर्त चुकला, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

आदल्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात तालीम होती. बेस ड्रम, म्हणजे तो छातीवर अडकवायचा अवाढव्य ढोल, गेनूकाकांचा. ते मढहून आले होते. तालीम संपल्यावर गोष्टी सुरू झाल्या. भर पावसातल्या परेडमध्ये चिखलात एक पाय रुतला तरी आपण ठोका कसा चुकवला नाही, हे गेनूकाका उभं राहून करून दाखवायला लागले. पाय चिखलाऐवजी मांडवासाठी आणलेल्या केळीच्या खांबावर पडला. ठोका याही वेळी चुकला नाही, पण मनगट मुरगळलं!

संध्याकाळपर्यंत मनगटाचा दुधी भोपळा झाला. आता ढोल कोण वाजवणार? बाकी प्रत्येकाच्या हातात आपापलं वाद्य. माझा चुलतभाऊ लगेच पुढे आला आणि त्याने गणपतीत शिकलेला एक नमुना वाजवून दाखवला. सुभेदार साहेबांनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणजे बँडमास्टर. वय चौऱ्याहत्तर, मिशा पांढऱ्या, पाठ अजून पट्टीने आखल्यासारखी. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर चहाचा ट्रे घेऊन मी होते.

"ये लड़की बजाएगी."

"साहेब, ती?" आई दचकली. "ती पाव्हण्यांशीसुद्धा बोलत नाही."

"बेस ड्रमवाल्याने बोलायचं नसतं, वहिनी. डावा पाय पडला की एक ठोका. बाकी अक्कल चालवायची नाही."

मला नाही म्हणायचं होतं. पण त्यासाठी बोलावं लागतं.

मग गेनूकाकांनी मला तासभर शिकवलं. डावा पाय, धम. डावा पाय, धम. हे सोपं होतं. शेवटी ते म्हणाले, "आता मेन गोष्ट ऐक. बँड चालू करायचा साहेबांनी, पण थांबवायचा तू. साहेब काठी वर करत्याल. काठी दिसली की दोन ठोके लागोपाठ, जीव खाऊन! धाड् धाड्! ते ऐकू आलं की समदे गप."

"आणि ऐकू नाही आलं तर?"

"तर न्हाई थांबत. म्होरं भिंत आली तरी न्हाई!"

ते पोट धरून हसले. मीही हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

लग्नाच्या दिवशी मारुतीला नारळ फोडून परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला. पुढे साहेब काठी घेऊन, मागे लाल कोटातला बँड (कोटांची खालची दोन बटणं कुणाचीच लागत नव्हती), मग शेवटच्या ओळीत मी, माझ्या मागे घोडीवर नवरदेव आणि त्याच्या मागे नाचणारं वऱ्हाड, त्यात आमचेही नातेवाईक. मला पुढचं काहीच दिसत नव्हतं. ढोल माझ्यापेक्षा मोठा होता! त्याच्यावरून फक्त आभाळ आणि साहेबांच्या काठीचं चकाकणारं टोक दिसायचं. पण वाजत मात्र असं होतं की लोक गच्चीवर येऊन बघत होते. बाबांचं क्लॅरिनेट नुसतं नाचत होतं.

कार्यालयाचं दार आलं असावं, कारण काठीचं टोक वर गेलं.

मी दोन ठोके दिले.

आमच्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या दारावर 'मे आय कम इन' विचारण्याआधी दोनदा टकटक करायची पद्धत होती. आत कुणाला त्रास होऊ नये, इतपतच. मी दिलेले ठोके बरोबर तसे होते. माझे मलाच ऐकू आले नाहीत, तर पुढच्या ट्रम्पेटवाल्यांना काय येणार?

बँड दारासमोरून पुढे निघाला.

आई ओवाळायला तबक घेऊन उभी होती. घोडी लग्नाचीच, ढोलाच्या मागे चालायचं एवढंच तिला माहीत. ती थांबेना. नवरदेव बिचारा सभ्य. "येतो हं, आई!" म्हणून त्याने जाता जाता नमस्कार केला आणि आईने तोपर्यंत फिरायला लागलेल्या तबकाने घोडीच्या शेपटीला ओवाळलं! दारातल्या खुर्चीवर गेनूकाका मनगटाला पट्टी बांधून बसले होते. ते ताडकन उठले.

"आरं थांबा! हॉल हितं ऱ्हायला! ओ साहेब!"

बाबा नंतर म्हणाले की त्यांना हे स्वच्छ ऐकू आलं होतं. "मग थांबला का नाहीत?" असं आईने विचारलं. बाबा म्हणाले, "ठोका आला न्हवता." साहेबांचंही तेच. काठी वर केली, ठोका आला नाही, त्या अर्थी मागे काहीतरी कारण असणार. ओरडत होते ते नुसते लोक, आणि लोकांच्या सांगण्यावरून फौजेचा बँड थांबत नसतो.

पेट्रोल पंप गेला. मी पुन्हा दोन ठोके दिले. टकटक. द्राक्षांची बाग गेली. पुन्हा टकटक. बाबांच्या कोटाच्या खिशात फोन वाजत होता (आईचा), तोही त्या धुनेत छान मिसळून गेला. मागे अष्टविनायकाच्या यात्रेची एक बस अडकली. आतल्या लोकांना वाटलं, ही मिरवणूक ओझरच्या विघ्नहराकडेच चालली आहे. ते खाली उतरून नाचायला लागले. एका मावशींनी घोडीला हळदकुंकू लावलं आणि नवरदेवाला मनोभावे हात जोडले. त्यानेही हात वर करून आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार?

एवढ्यात चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेनूकाका आले. गाडी चालू असतानाच उतरले आणि माझ्या बाजूने पावलाला पाऊल मिळवून चालायला लागले. (सवय!)

"पोरी, हान की!"

"हाणतेय काका!"

"हानत न्हाईस, तू थोपटतीयास! पोर निजवतीयास का? बारा सोळा झाले, तिकडं तुझी बहीण हार घिऊन बसली, आई रडाया लागली!"

"जोरात मारलं आणि ढोल फुटला तर?"

"फुटू दे! कुनाचा तरी राग आला आसंल ना आजवर? कुनाचा तरी?"

मी विचार केला. मग मला 'तू बोलत का नाहीस गं?' असं प्रत्येक लग्नात चारचौघांत विचारणाऱ्या समस्त नातेवाइकांची आठवण झाली. ते सगळे माझ्या मागेच नाचत होते!

धाड्! धाड्!

बँड कापल्यासारखा थांबला. घोडी थांबली. नवरदेव थांबला नाही, तो घसरून तिच्या मानेवर गेला. एवढी शांतता झाली की खालून पाण्याचा आवाज आला. आम्ही कालव्याच्या पुलावर होतो.

"साहेब," मी म्हणाले, "हॉल मागे राहिला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, बसमधल्या यात्रेकरूंकडेही पाहिलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"पीछे मुड़! दौड़के चल!"

साठी-सत्तरीची दहा माणसं वाद्यं छातीशी धरून पळत सुटली. मागे घोडी, वऱ्हाड, मी, ढोल आणि आता जेवण नक्की मिळणार हे ओळखलेले यात्रेकरू! आम्ही दारात पोचलो तेव्हा बारा सव्वीस झाले होते.

बाबा आईसमोर उभे राहिले. श्वास लागला होता, टोपी हातात होती. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. दिलेला शब्द गेला होता. आई खरोखरच काही बोलली नाही. तेवढ्यात व्याही आले, घामाने निथळत.

"राव, डीजेची गाडी दारातच थांबली असती," ते बाबांच्या गळ्यात हात टाकून म्हणाले. "आमचं वऱ्हाड कालव्यापर्यंत नाचलं! आमच्यात असं लगीन कुनी बघितलं न्हाई!"

गुरुजींनी पंचांगात बोट घातलं. "बारा एकेचाळीस आहे. तोही चांगला आहे." आईचा चेहरा पाहून ते म्हणाले, "खरं तर तोच जास्त चांगला आहे."

ताईने मला जवळ बोलावलं. "मला वाटलं, तो पळाला," ती कानात म्हणाली. "मग कळलं, तू पळवलास."

बारा एकेचाळीसला लग्न लागलं. बँड वाजला, गेनूकाकांनी डाव्या हाताने दोन ठोके दिले आणि बँड थांबलाही. आई बाबांशी श्रीखंडाच्या वाटीपर्यंत बोलली नाही, नंतर बोलली.

आता वार्षिक बैठकीत पाचाच्या सहा गोष्टी झाल्या आहेत. सहावी गेनूकाका सांगतात. पहिल्या वर्षी आम्ही कालव्यापर्यंत गेलो होतो. दुसऱ्या वर्षी ओझरच्या देवळाला प्रदक्षिणा घालून आलो. यंदा मी चहा घेऊन गेले, तेव्हा घोडी माळशेज घाट चढत होती आणि साहेब मान डोलावत होते. ते सगळं चुकीचं आहे, हे मला सांगता येईल. पण त्यासाठी गेनूकाकांना मध्येच थांबवावं लागेल, आणि या मंडळींना थांबवण्यातली माझी कामगिरी तुम्ही पाहिलीच आहे.