बीटमधला ‘शे’

चौदा वर्षांनी ते दोघे पुन्हा एकत्र आले आणि आमच्या ग्रुपात लग्नघरात जुंपावी तशी भांडणं जुंपली. एक हिंदी रॅपर, आता पन्नाशीला टेकलेला. दुसरा त्याचा बीट करणारा जोडीदार, म्हणजे शब्दांच्या खाली जे काही वाजतं ते रचणारा. आम्ही चाहते त्यांना नुसतं ‘जोडी’ म्हणतो. जोडी फुटली तेव्हा आम्ही विशीत होतो. आता ग्रुपातल्या निम्म्या लोकांची पोटं सुटली आहेत, पण मतं मात्र तेवढीच कडक राहिली आहेत.

अल्बम शुक्रवारी आला. मी तोरणमाळला आश्रमशाळेत मराठी शिकवतो. माझ्या खोलीत रेंज नसते, ती घाटाच्या पहिल्या वळणावर येते. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी तिथल्या कठड्यावर जाऊन बसलो आणि नऊच्या नऊ गाणी उतरवून घेतली.

गाणी उतरत होती तोवर ग्रुपात निकाल लागलेही होते. नागपूरचा एक जण म्हणाला, रडवलं यार. पुण्याच्या एकाने लिहिलं की म्हाताऱ्याचा दम चौथ्या ओळीला तुटतो आणि बीट तर फ्रिजमधून काढून गरम केलेले आहेत. त्यावर तिसरा चवताळला, की मग जा आणि त्या नव्या पोरट्यांची बडबड ऐक. एका महाभागाने तर आधीच कबूल केलं की आपण अजून ऐकलेलं नाही, आणि तरीही चार परिच्छेद लिहिले. दोघे ग्रुप सोडून गेले, त्यातला एक संध्याकाळी परत आला.

मला अल्बम आवडला. आवाज थकलाय, हे खरं आहे. पूर्वी तो अख्ख्या शहराला शिव्या घालायचा, आता गुडघ्यांबद्दल आणि मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलतो. माणूस म्हातारा झाला तर त्याने काय करावं, अशी या लोकांची अपेक्षा आहे कोण जाणे. माझं दुखणं वेगळंच होतं, आणि ते त्या ग्रुपात कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

जोडीच्या जुन्या प्रत्येक गाण्याआधी एक बारीक कुजबुज यायची. ‘शे’. एवढंच. ती बीट करणाऱ्याची खूण, चित्रकाराने कोपऱ्यात सही करावी तशी. शहाद्याला कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र एकच इअरफोन वाटून ती गाणी ऐकायचो. मित्र पिंजाऱ्यांच्या घरातला, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्यांपैकी. त्याने ती कुजबुज पहिल्यांदा ऐकली आणि ताडकन उभा राहिला. इअरफोन माझ्या कानातून निघून गेला.

“भो, हाऊ आपला शे!”

अहिराणीत भावाला ‘भो’ म्हणतात आणि ‘आहे’ला ‘शे’. आमच्या घरात, बाजारात, बसस्टँडवर सगळीकडे ‘शे’. फक्त वर्गात नाही. वर्गात तोंडून ‘शे’ निघालं की बाई बाकावर उभं करायच्या. आणि इथे एवढा मोठा माणूस आपल्या प्रत्येक गाण्याची सुरुवात आमच्या शब्दाने करत होता! आम्ही पुरावे गोळा केले. त्याचा रंग आमच्यासारखा होता. एका मुलाखतीत तो भाकरीबद्दल बोलला होता. आणखी काय पाहिजे? तो धुळ्याचा की नंदुरबारचा, एवढाच वाद आमच्यात उरला. त्याच जोरावर आम्ही स्वतःचं गाणं केलं. शब्द माझे, अहिराणीतले. बीट मित्राचा.

नव्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात ती कुजबुज पूर्ण ऐकू येते. जुनी टेप खरखरते आणि एक बाई म्हणते, “बेटा, धीरे से.” बीट करणाऱ्याची आई ती. आवाज कमी कर म्हणून सांगत होती. त्या ‘धीरे से’चं शेपूट, म्हणजे नुसतं ‘से’, कापून त्याने इतकी वर्षं वापरलं होतं. ग्रुपात निम्मे ढसाढसा रडले, बाकीचे म्हणाले, आईला आणून लाइक गोळा करतोय.

मी कठड्यावर बसून लिहिलं, “आम्हाला तो ‘शे’ वाटायचा. आमच्या भाषेतला.” धडाधड हसणारी तोंडं आली. एकाने विचारलं, शे म्हणजे शेळी का? मी फोन खिशात घातला. राग आला नाही, पण फार एकटं वाटलं. इथे मुलं घरी पावरी बोलतात आणि माझ्याशी पुस्तकी मराठी. दिवसभर मी त्यांची वाक्यं दुरुस्त करतो, माझी केली गेली तशीच. ‘शे’ म्हणायला मला इथे घाटावर कुणी नाही. ही फजिती ऐकून पोट धरून हसला असता असा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्याशी मी बारा वर्षं बोललो नव्हतो.

चूक माझी होती. आमचं ते एकुलतं एक गाणं मी इंटरनेटवर टाकलं तेव्हा खाली माझं एकट्याचं नाव लिहिलं. मित्राने विचारलं, तर मी म्हणालो, “बीट ते मशीन करस, नाव कसाले?” तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त येणं बंद केलं आणि मी बोलावलं नाही.

रविवारी पहिल्या बसने खाली उतरलो. शहाद्यात त्याचं गाद्यांचं दुकान जुन्या जागीच होतं. तो एक गादी उसवत बसला होता, दाढीत पांढरं आणि कापूस दोन्ही. माझ्याकडे बघून त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

“या सर. गादी भरनी शे का?”

तो मला पूर्वी सर म्हणत नव्हता. ‘भो’ म्हणायचा. ओळखलं होतं त्याने, म्हणूनच सर म्हणाला. मी स्टुलावर बसलो आणि विचारलं, नवा अल्बम ऐकला का.

“ऐकं.” त्याने मांडीवरचा कापूस झटकला. “माय शे ती त्यानी.” मग त्याला हसू फुटलं. “आपन दोन्ही येडाच.”

मीही हसलो. कित्येक वर्षांत असा हसलो नव्हतो. त्या हसण्याच्या भरात मी बोलून टाकलं, “नावनं मन्हं चुकनं.” बारा वर्षं घोकलेलं वाक्य, तीन शब्दांत संपलं.

“जाऊ दे ते,” तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “बा गया. दोन साल व्हयनात.”

बा गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? त्याचे वडील हाताने पिंजायचे, टांगलेल्या धनुष्यासारख्या पिंजणीवर लाकडी दट्ट्या मारून. आमच्या गाण्यातला तो टण् टण् ठेका त्यांचाच. एका दुपारी मित्राने तो मोबाइलवर घेतला होता. शेवटी त्यांचा खोकलाही आला होता. मी म्हटलं होतं काढ, तर तो म्हणाला होता, ऱ्हाऊ दे.

“त्यानी माय ऐकी अन मी आपलं गानं धुंडं,” तो म्हणाला. “सापडनं नही.” मग तो माझ्याकडे सरकला. “भो, तुन्हाकडे शे का ते?”

त्या एका ‘भो’साठी मी घाट उतरून आलो होतो. आणि नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, मास्तर होणाऱ्याचं असलं गावठी गाणं कुणी बघू नये म्हणून, मीच ते इंटरनेटवरून काढून टाकलं होतं. कॉपी ठेवावी, हे मनातही आलं नव्हतं.

“नही,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि उसवलेली गादी पुन्हा पुढ्यात ओढली.