खंडेनवमीचं अपडेट

वाटूरच्या कडूबा सुताराची उजव्या हाताची बोटं करवतीत गेली, तेव्हा गावानं त्याच्या सुतारकीवर पाणी सोडलं होतं. पण गडी हटला नाही. नक्षी कोरायचं भंगारातलं मशीन त्यानं आणलं आणि भोकरदनच्या तौफिकनं ते जुन्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. मशीन चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तौफिकनं त्या कॉम्प्युटरच्या कर्नलला, म्हणजे आतल्या गाभ्याला, बरोबर बसेल असा स्वतः बनवला. नवं कर्नल येऊन तो मोडू नये म्हणून अपडेटला कुलूप घातलं आणि एवढं उघडू नका, असं बजावून गेला. चौकटींवर पुन्हा मोर उमटू लागले. कडूबा पुन्हा चारचौघांत ताठ मानेनं बसू लागला.

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारांना विसावा. रंधे, पटाशा धुऊन, हळदीकुंकू लावून पाटावर मांडल्या होत्या. घरात कॉम्प्युटर कळणारी एकटी सून, सत्यशीला. मॉनिटर पुसता पुसता तिनं विचारलं, अपडेट साचलेत, पण कुलूप आहे, काय करू? तौफिकची ताकीद कडूबाला आठवली नाही असं नाही. पण सणाच्या दिवशी एका हत्याराच्या पोटात घाण ठेवायची, हे त्याच्या मनाला काही केल्या पटेना.

"काढ कुलूप. आज आतून-बाहेरून सगळं साफ पाह्यजे."

तिनं काढलं. जुनं कर्नलसुद्धा कचरा समजून पुसलं, आणि वर झेंडू वाहिला.

दसऱ्यानंतर मशीन हललंच नाही. तौफिक धावत आला. जुनं कर्नल कुठूनही मिळालं असतं, पण त्याच्यासोबत ड्रायव्हरही पुसला गेला होता. तो ज्यावरून बनवला, ते सगळं तौफिकच्या जळालेल्या डिस्कमध्ये कधीच गेलं होतं, आणि मशीनची कंपनीही बुडालेली. आता हे पुन्हा बनणं नाही, असं सांगून तो परत गेला.

सत्यशीला रडरड रडली. कडूबानं तिला शब्दानं दुखवलं नाही. चूक आपली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्याला आतून खात होतं. एकदा त्यानं उरलेल्या अंगठ्यानं पटाशी तळहातावर दाबून धरून पाहिली. ती निसटून पायाशी पडली. तो उचलायलाही वाकला नाही.

दिवाळीच्या तोंडावर परतूरचा एक माणूस नव्या घराच्या चौकटीसाठी आला. सुताराचं घर हेच का, असं त्यानं ओट्यावर बसलेल्या कडूबालाच विचारलं.

"व्हतं," कडूबा म्हणाला. "आता इथं सुतार न्हाई."